खोकला मनाचा नव्हे, गोळीचा!

'तुम्ही बायका फार विचार करता' हे वाक्य दवाखान्यात ऐकलं नाही, अशी बाई मला अजून भेटायची आहे.

मी काम करते त्या वस्तीतल्या एका ताईंना रक्तदाबासाठी एनालाप्रिल सुरू झालं. महिन्याभरात कोरडा खोकला लागला. रात्ररात्र खोकायच्या. टीबी तर नाही, म्हणून घरात कुजबुज; ताट-वाटी वेगळी झाली. थुंकी तपासली, एक्स-रे काढला, काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, 'टेन्शन आहे.' ताईंनी आपल्या मनानेच गोळी बंद केली. खोकला गेला, रक्तदाब मात्र पुन्हा चढला.

यात गूढ काहीच नव्हतं. आपल्या मज्जातंतूंच्या टोकांतून 'सब्स्टन्स पी' नावाचं न्यूरोपेप्टाइड स्रवतं. १९३१ सालापासून ते शास्त्राला माहीत आहे. ते रक्तवाहिन्या रुंदावतं. एनालाप्रिल, रामिप्रिल या गोळ्या ज्या एन्झाइमला अडवतात, तेच एन्झाइम एरवी सब्स्टन्स पी आणि ब्रॅडिकायनिन यांची विल्हेवाट लावतं. ते अडलं की ही द्रव्यं साचतात. रक्तवाहिन्या सैलावतात, हे चांगलंच. पण श्वासनलिकेतले मज्जातंतूही चाळवतात, आणि खोकल्याचं मूळ यातच मानलं जातं. हा खोकला पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतो, हेही केव्हाच नोंदलं गेलंय. मग आम्हाला सांगत का नाहीत?

कारण औषधशास्त्राने 'माणूस' म्हणजे पुरुषच धरला. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९७७ साली, मूल होऊ शकेल अशा बायकांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळायला सांगितलं. ते धोरण बदलायला १९९३ साल उजाडलं. कारण काय, तर गर्भाची काळजी! आणि चिठ्ठी लिहिताना? दिवस राहिलेत का, राहू द्यायचेत का, हे कितीजणींना विचारलं जातं? याच गोळ्या गरोदरपणात, विशेषतः चौथ्या महिन्यापासून पुढे, गर्भाच्या मूत्रपिंडांना इजा करतात.

मैत्रिणींनो, गोळी आपल्या मनाने सोडू नका, पण गप्पही बसू नका. दुसरी गोळी मागा. लोसार्टन, अम्लोडिपिन त्या एन्झाइमला अडवत नाहीत, त्यामुळे हा खोकला सहसा होत नाही. (गरोदरपणात लोसार्टनही नको.)

आपली मागणी साधी आहे. ही गोळी देताना खोकल्याची आणि गरोदरपणातल्या धोक्याची सूचना प्रत्येक बाईला, तिला समजेल अशा मराठीत, तोंडी दिलीच पाहिजे. ती मिळत नसेल तर गटाने दवाखान्यात जाऊन मागा.