आज रात्री काय रांधायचे?

गोव्याच्या जेवणावर आजकाल बरेच बोलले जाते. शागुती, काफ्रियाल, विंदालू, सोरपोतेल... पर्यटकांच्या पुस्तिकांतून त्यांचे रंगीत फोटो असतात. बिबिंकाला तर २०२३ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. चांगलेच झाले. पण मला एक सांगा, गेल्या बुधवारी रात्री तुमच्या घरात यातले काय होते? आमच्याकडे उकड्या तांदळाचा भात, बांगड्यांचे उरलेले हुमण आणि तांबडी भाजी होती. तुमच्याकडेही थोड्याफार फरकाने असेच काहीतरी असणार. वर्षाच्या तीनशे रात्री आपण जे जेवतो, ज्याच्यावर आपली हाडे वाढली, त्या जेवणाला ना नाव ना फोटो. विचारले तर आपणच म्हणतो, "कांय ना, सादें जेवण!"

माझे म्हणणे असे की शागुती कुठे जाणार नाही. तिला हॉटेले सांभाळतील, लग्ने सांभाळतील. जाणार असेल तर हे "कांय ना" म्हणून सांगितलेले रात्रीचे जेवण जाणार. आणि ते जायला लागले आहे.

पाकपुस्तकांनी ते वाचेल असे वाटत नाही. मराठीला पाकपुस्तकांची मोठी परंपरा आहे. लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणीमित्र' १९१० चे आणि कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० ची. 'रुचिरा'ने तर वाटी-चमच्याचे माप देऊन कितीतरी नवख्या मुलींना हात धरून स्वयंपाकघरात उभे केले. पण पुस्तकात पदार्थ असतो, जेवण नसते. कशाबरोबर काय वाढायचे, दुपारची चमचाभर भाजी उरली तर तिचे रात्री काय करायचे, अर्धा नारळ शिल्लक असताना आणि घरात मासळी नसताना कुठे वळायचे, हे पुस्तकात सापडत नाही. ते आईच्या, सासूच्या, शेजारणीच्या तोंडी असते. म्हणजे त्या आहेत तोवर असते.

आता ते का जायला लागले? लगेच उत्तर येते की आजकालच्या मुलींना स्वयंपाक नको. हे मला साफ नामंजूर. माझ्या मते खरे कारण घड्याळात आहे. आपले गोव्याचे जेवण मुळात दुपारचे जेवण. सकाळी नुस्तेकान्न दारावर यायची किंवा कोणीतरी बाजारात जायचे. ताजी मासळी, ताजे वाटण, बाराच्या आत हुमण तयार. घरातली माणसे दुपारी घरी जेवत. शाळा सुटायची, दुकाने बंद व्हायची, पणजीतल्या कचेरीतला माणूससुद्धा जेवून वामकुक्षी काढायचा. रात्री भात तेवढा नवा टाकायचा. दुपारचे हुमण गरम करून आटलेले, त्यात सोलांची चव पुरती उतरलेली. बरोबर एखादे काप, नाहीतर चेपणीचे तोर. रात्रीचा स्वयंपाक म्हणजे अर्ध्या तासाचे काम, कारण खरी मेहनत सकाळीच झालेली असायची.

आज दोघेही सकाळी आठला घराबाहेर. डब्यात चपाती-भाजी, कारण हुमण डब्यात सांडते आणि कचेरीत वासाची पंचाईत. संध्याकाळी साडेसहा-सातला परत. म्हणजे रात्रीचे जेवण, जे कधीकाळी उरल्यासुरल्यावर निभायचे, ते आता दिवसाचे पहिले खरे रांधप झाले. आणि ते करायचे दमलेल्या हातांनी, पोरांच्या गृहपाठाच्या मध्ये. दुपारसाठी रचलेला स्वयंपाक आपण रात्री करायला बघतो आणि जमत नाही म्हणून फोन उचलून काहीतरी मागवतो. यात आळस कुठला?

उपाय माझ्यापुरता मी असा काढला आहे. घड्याळ उलटे फिरवायचे. पूर्वी दुपारचे रात्री खात, आपण रात्रीचे सकाळी खावे. गोव्यात याला नवीन काही म्हणता येणार नाही. कालची कढी आपल्या रक्तात आहे. आदल्या दिवसाचे हुमण मंद आचेवर घट्ट होईतो आटवायचे आणि पोदेराने आणलेल्या गरम पोळीला किंवा उंड्याला लावून खायचे. याच्यापुढे मला तरी कुठलाही नाश्ता सुचत नाही. म्हणून रात्री हुमण करायचे तर चार वाट्या जास्तच करावे. फक्त एक ध्यानात ठेवा, नारळाचा रस लवकर विटतो. आजीच्या काळी रात्री उकळी काढून मातीच्या भांड्यात झाकून ठेवत. आपण जेवण उरकले की निवताच फ्रीजमध्ये ठेवावे आणि सकाळी खदखदून उकळावे. एप्रिल-मे मध्ये तर ओट्यावर विसरूच नये.

दुसरी गोष्ट वाटणाची. रोज नारळ खवून रोज वाटायचे हा नियम कोणी केला? चार जणांच्या हुमणाला एक वाटी खवलेला नारळ, पाच-सहा सुक्या मिरच्या, चमचाभर धणे, पाव चमचा हळद आणि सुपारीएवढी चिंच. हे गंधासारखे बारीक वाटले की झाले. याच्या तिप्पट वाटण रविवारी करून तीन डब्यांत बर्फाच्या कप्प्यात टाकले की बुधवारपर्यंतची चिंता मिटते. बांगडे-तारले असतील तर चार तेफळां ठेचून घालायची, सुंगटां असतील तर कांदा घालायचा. वाटण तेच. आता कोणी म्हणेल, रगड्यावरच्या वाटणाची सर याला नाही. नाहीच. पण रगड्याच्या चवीचे कौतुक मी आजवर ज्यांच्या तोंडून ऐकले त्यांतल्या फार थोड्यांनी स्वतः रगडा फिरवला होता. फिरवणाऱ्या बायांनी मिक्सर घरात आला त्या दिवशी देवाला नारळ ठेवला असेल!

मासळी नाही त्या रात्रींची तर आपल्याकडे केवढी श्रीमंती आहे. सोमवार शिवराक, कोणाचा गुरुवार, मग श्रावण, मग चतुर्थी. पण हल्ली शिवराक म्हटले की पनीर. का बरे? नीरफणस मिळत असेल तेव्हा त्याची पातळ कापां करून मीठ, मिरची, हळद लावायची, रव्यात घोळवायची आणि तव्यावर तेल सोडून भाजायची. पंधरा मिनिटांत ताट भरते. नीरफणस नसेल तर वांगे, सुरण, कच्चे केळे. सुरणाला मात्र सोलांच्या पाण्यात थोडा वेळ ठेवा, नाहीतर घसा खाजतो आणि घरचे लोक पुन्हा सुरणाचे नाव काढू देत नाहीत. सकाळी निघताना वाटीभर अळसांदे भिजत घातले तर संध्याकाळी त्यांचे तोणाक होते. धणे-मिरची-खोबरे तेवढे भाजून वाटायचे. मुगागाठीचे नाव मुद्दामच घेतलेले नाही. मूग भिजवा, मोड आणा, सोलत बसा... ती सणाचीच बरी.

पेडण्याकडच्या आणि सावंतवाडी-मालवणकडच्या वाचकांना कुळथाची पिठी सांगायला नको. पण तिसवाडी-साष्टीतल्या कितीतरी घरांत ती पोचलेली नाही याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. तेलात पाच-सहा लसणीच्या पाकळ्या ठेचून लाल करायच्या, हिरवी मिरची टाकायची, तीन वाट्या पाणी घालायचे. पाण्याला उकळी यायच्या आत तीन मोठे चमचे कुळथाचे पीठ थोड्या पाण्यात कालवून त्यात सोडायचे, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. दोन-तीन सोलां, मीठ, आणि दाट होईतो ढवळायचे. पावसाच्या रात्री ऊन भातावर ही पिठी आणि बरोबर भाजलेला खारा बांगडा असला की वीज गेली तरी चालते. आणि पावसात ती जातेच.

खाऱ्याचा विषय निघालाच आहे तर. दरवर्षी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. त्या दिवसांची सोय म्हणून आपल्याकडे पुरुमेंत करायची रीत आहे. मे महिन्यात खारे बांगडे, सुकी सुंगटां, सोलां, मिरच्या भरून ठेवायच्या. पुरुमेंत म्हणजे खरे तर साठ रात्रींचा आधीच करून ठेवलेला विचार! २०१८ च्या जुलैत मासळीत फॉर्मेलिन असल्याचा गाजावाजा झाला, तेव्हा सरकारने बाहेरच्या मासळीवर काही दिवस बंदी घातली होती. त्या दिवसांत माझ्या ओळखीच्या कितीतरी घरांत रोज डाळ-भात-बटाटा चालला होता. ज्यांच्या डब्यात सुकी सुंगटां होती ते किसमूर खाऊन मजेत होते. किसमूर करायला लागतो किती वेळ? सुंगटांची डोकी-शेपट्या काढून ती कोरडी कुरकुरीत भाजायची. ओला नारळ, चिरलेला कांदा, तिखट, मीठ आणि चिंचेचा कोळ हाताने कुस्करायचा, आणि पाने वाढताना सुंगटां त्यात मिसळायची. आधी मिसळली तर मऊ पडतात आणि सगळा खटाटोप वाया.

पण खरे सांगू का, रांधण्याचा त्रास निम्मा. उरलेला निम्मा त्रास "काय रांधायचे" हे ठरवण्याचा आहे आणि तो कोणाला दिसत नाही. दुपारी तीनला कचेरीत बसलेल्या बाईच्या डोक्यात फायलीबरोबर आणखी एक हिशोब चालू असतो. दुधी कालपासून पडला आहे, धाकट्याला तिखट चालत नाही, सासऱ्यांचा आज उपास. घरातले पुरुष मदत करतात, नाही असे नाही. "सांग, काय करू?" असे विचारतात. पण ते "सांग" हेच तर काम आहे! आणखी एक प्रकार आपल्या गोव्यात खास. संध्याकाळी सातला घरधनी विजयी मुद्रेने अर्धा किलो तारले घेऊन दारात उभा. "स्वस्त मेळ्ळे!" ते खवल्यांसकट सिंकमध्ये टाकून स्वारी बातम्यांसमोर. माझे म्हणणे, ज्याने आणले त्याने साफ करावे. आदोळीवर नारळ खवायला बारा वर्षांच्या मुलालाही येते, मुलीला येते तसेच.

पूर्वी हे ठरवण्याचे ओझे थोडे वाटले जायचे. "आयज नुस्तें कितें?" हा आपल्याकडे कुशल विचारण्याचा प्रकार होता. विहिरीवर, बसस्टॉपवर, कुंपणाच्या या बाजूने त्या बाजूला. उत्तर मिळायचे, आणि त्या उत्तरातून एक जेवण मिळायचे. "आमच्याकडे आज भेंड्यांत सुंगटां घातली," असे शेजारीण म्हणाली की आपल्या परसातल्या सात शिरांच्या भेंड्याचा प्रश्न सुटायचा. त्या भेंड्यालाही आता मानांकन मिळाले आहे, पण त्याचे रात्री काय करायचे ते शेजारणीलाच विचारावे लागते. आता फ्लॅटमध्ये दारे बंद. भेटलो तरी एकमेकींना विचारायला संकोच, कारण साधे जेवण सांगायची लाज. पाहुणे येणार म्हणून केलेल्या बिर्याणीचा फोटो आपण साऱ्या नातेवाइकांना पाठवतो. पिठी-भाताचा पाठवतो का कधी?

म्हणून एक सुचवतो. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरावर आपण दुधाचा हिशोब लिहितो ना? त्याच चौकोनात रोज रात्री जेवल्यावर दोन शब्द लिहा. "पिठी, खारा बांगडा." "अळसांदे, कापां." एवढेच, कृती नको. ज्याने शेवटी ताट उचलले त्याने लिहावे, म्हणजे घरातल्या सगळ्यांना निदान आपण काय जेवलो ते आठवेल. आमच्याकडे हे दोन वर्षे चालू आहे. पहिल्या वर्षीचे कॅलेंडर मी फेकले नाही. काही सुचले नाही की त्याच महिन्याचे पान उलटून बघतो, त्या दिवसांत बाजारात काय होते तेही त्यातून कळते. ऑगस्टमध्ये "आंबाड्यांची उडदामेथी" पाच वेळा लिहिलेली सापडली. जरा जास्तच झाली.

आणि पुढच्या वेळी भेटलात तर "कसे आहात" नंतर "काल रात्री काय होते?" हेही विचारेन. "कांय ना" हे उत्तर चालणार नाही. सध्या माझी अडचण अशी आहे की फ्रीजमध्ये अर्धा दुधी, वाटीभर नारळ आणि मूठभर सुकी सुंगटां आहेत, दुधी घरात कोणाला आवडत नाही आणि आजचा चौकोन रिकामा आहे. कोणाकडे दुधीत सुंगटां घालत असतील तर सातच्या आत कळवा.