कुलपाला कान हवेत

भिंतींना कान असतात, असे आपण म्हणत आलो. वाड्यांतून आणि चाळींतून फ्लॅटमध्ये राहायला आलो आणि भिंतींचे ते कान गेले. त्याची भरपाई आता आपण लोखंडाने करू पाहतो आहोत. जाळीचा सेफ्टी डोअर, लॅच, वर एक कडी, खाली एक कडी. दिवाळीत किंवा मे महिन्यात गावाला निघालेले कुटुंब रिक्षात बसण्याआधी एकदा तरी पुन्हा जिना चढून कुलूप ओढून पाहते.

बँकेच्या नोकरीत माझा कुलपांशी बरीच वर्षे संबंध आला. तिजोरीची प्रत ठरते ती हत्यारांपुढे ती किती वेळ तग धरते यावरून. म्हणजे न फुटणारे कुलूप नसते, हे तिजोऱ्या बनवणाऱ्यांनाही मान्य आहे. कुलूप चोराला थांबवत नाही. उशीर करायला लावते. त्या उशिराचा उपयोग होतो तो त्या वेळात कोणाच्या तरी कानावर आवाज गेला तरच. बँकेत त्यासाठी धोक्याची घंटा असते, पहारेकरी असतो. आपल्या जिन्यात कोण असते?

पुण्यातल्या जुन्या वाड्यांचे दरवाजे भक्कम असत. मोठ्या दरवाजात छोटी दिंडी, आत अडसर. पण दिवसा दरवाजा उघडाच असे आणि राखण करीत असे ती ओट्यावर निवडत-टिपत बसलेली आजी. 'कोण पाहिजे?' या तिच्या प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय परका माणूस चौकात पोचत नसे. चाळीतही गॅलरीतून जाणारा अनोळखी माणूस दहा दारांच्या नजरेखालून जाई. या चौकशांचा आपल्याला जाच होई, हेही खरे. म्हणून आपण एकांत विकत घेतला. तो मिळालाही, पण आपल्याबरोबर तो चोरालाही मिळाला.

घर रिकामे असल्याची वर्दी बहुधा आपणच देतो. बाहेर लोंबणारे कुलूप, कडीत साठलेली तीन दिवसांची वर्तमानपत्रे, संध्याकाळी न लागलेला दिवा. आणि आता मोबाइलवर जगाला दाखवलेले सहलीचे फोटो. फोटो परतल्यावर दाखवता येतात. बाकीच्या गोष्टींना मात्र शेजारी लागतो. पेपर उचलायला, दिवा लावायला, खुडबुड ऐकून दार उघडून पाहायला. कुंडीखाली ठेवलेली किल्ली चोराला सापडते; शेजारच्या काकूंकडे ठेवलेली सापडत नाही.

दागिने लॉकरमध्ये ठेवावेत, हे बरोबरच. पण तिथेही डोळे मिटून बसू नये. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमांनुसार लॉकरमधील वस्तू चोरी, दरोडा, आग किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यामुळे गेली, तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत आहे. भाडे २ हजार असेल, तर भरपाई जास्तीत जास्त २ लाख. आत काय आहे याची नोंद बँकेकडे नसते. ती यादी आपणच घरी करून ठेवावी.

मला अधिक काळजी वाटते ती आतून बंद झालेल्या घरांची. मुले परदेशात, आणि इकडे सत्तरीपुढची दोन माणसे, किंवा एकच, पाच कड्यांच्या आड. न्हाणीघरात पाय घसरला, तर हाक कोणाला ऐकू जाणार, आणि गेली तरी आत कोण येणार? बाल्कनीच्या जाळीला उघडणारी खिडकी नसेल, तर आगीच्या वेळी सुटकेची एक वाट आपणच बंद केलेली असते. चोरासाठी केलेला बंदोबस्त मदतीला येणाऱ्यालाही बाहेर ठेवतो.

बँकेच्या स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या लागतात आणि त्या दोन माणसांकडे असतात. एकट्याला ते दार उघडता येऊ नये, हा हेतू. घराच्या दोन किल्ल्या दोघांकडे असाव्यात त्या उलट कारणासाठी: घर एकट्यावर बंद होऊ नये. एकट्या माणसाने रात्री आतून कडी न घालता, बाहेरूनही किल्लीने उघडणारे चांगले कुलूप लावावे आणि दुसरी किल्ली विश्वासाच्या शेजाऱ्याला द्यावी. ११२ हा पोलिसांच्या मदतीचा क्रमांक दोन्ही घरांत लिहून ठेवावा.

विश्वासाचा शेजारी कुठून आणायचा, असे कोणी विचारील. तो बाजारात मिळत नाही. वाटीभर साखरेच्या देवाणघेवाणीतून, आजारपणातल्या विचारपुशीतून हळूहळू तयार होतो. आज रविवार आहे. समोरचे दार वाजवायला हरकत नाही.