पेपरातली हुशार मुलगी आणि तळीयेची वाट

मैत्रिणींनो, पेपरात विद्यापीठाची बातमी आली की आपण काय करतो? अमक्या प्राध्यापकांना पेटंट, तमकीला सुवर्णपदक, कुणी माजी विद्यार्थी परदेशात मोठ्या हुद्द्यावर. फोटो बघतो, ‘हुशार आहे हो पोरगी’ म्हणतो आणि पान उलटतो. मी मात्र अशा बातमीत दोन गोष्टी शोधते. ती तिथवर पोचली कशी आणि तिच्या शिकण्याचा उपयोग कुणाला झाला?

कमला सोहोनींचंच घ्या ना. १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.ला त्या पहिल्या आल्या. तरी बंगलोरच्या विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाई हटून बसल्या, तेव्हा ‘वर्षभर बघू’ या अटीवर घेतलं. काम पाहिलं आणि पुढे तिथे इतर मुलींनाही दार उघडलं! १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली. पण मला जास्त कौतुक वाटतं ते त्यांच्या नीरेवरच्या संशोधनाचं. आदिवासी मुलांना आणि गरोदर बायकांना नीरेतून पोषण मिळतं, हे त्यांनी दाखवलं. त्या कामाला राष्ट्रपतींचं पारितोषिक मिळालं.

आम्हा महाडकरांना अशा पदवीचं मोल वेगळं सांगायला नको. मुंबई विद्यापीठाचे पदवीधर, पुढे कोलंबिया आणि लंडनला शिकलेले डॉ. आंबेडकर १९२७ च्या मार्चमध्ये चवदार तळ्यावर आले. त्याच वर्षी डिसेंबरात ते इथल्या बायकांशीही बोलले. मुलींना शिकवा, हे तेव्हाच सांगून झालंय. त्यांच्या नावाचं तंत्रशास्त्र विद्यापीठ १९८९ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, माणगाव तालुक्यातल्या लोणेऱ्याला, मुंबई-गोवा हायवेवर उभं राहिलं.

मग आपल्या डोंगरातल्या मुली तिथे जातात का?

फीचा अडसर आता बराच कमी झालाय. २०२४-२५ पासून शासनाने व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या, घरचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींसाठी ही सवलत आहे. प्रवेश मात्र सरकारी केंद्रीभूत प्रक्रियेतून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलात तर विसरा. निर्णय चांगलाच आहे, पण मेसचं बिल, खोलीचं भाडं, एसटीचा पास यात येत नाही. आणि खरं सांगू का, घरात भांडण होतं ते यावरच. ‘फी माफ आहे, पण राहणार कुठे? रात्रीची एसटी चुकली तर?’ हा प्रश्न मुलाच्या वेळी इतका मोठा होत नाही.

आता तळीयेचा विचार करा. २२ जुलै २०२१ ला कोंडाळकरवाडीवर डोंगर कोसळला, ८० हून जास्त माणसं गेली. त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखरच्या सुतारवाडीवरही दरड आली. त्याआधी जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते. सोळा वर्षांत दोनदा! घर गाडलं जातं तेव्हा भांड्यांबरोबर शाळेचा दाखला, मार्कलिस्ट, रेशनकार्डही जातं. सवलत मिळवायला नेमके तेच कागद लागतात.

विद्यापीठाच्या यादीत मला एक बातमी वाचायची आहे. आपल्या डोंगराची माती पावसात का सुटते, पाणी कुठे मुरतं, वाडी कुठे वसवू नये, हे शिकून आलेली मुलगी इथल्याच वाडीतली असल्याची. पाऊस वाढला की सुनांना, म्हाताऱ्यांना कधी बाहेर काढायचं, हे ती घराघरांत जाऊन सांगेल. सासूबाईंच्या भाषेत सांगेल, म्हणून ऐकतीलही.

तेव्हा मुलगी बारावीला असेल तर निकालाची वाट बघू नका. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, लागत असेल तर नॉन-क्रीमीलेअर, सगळं आताच काढून ठेवा. झेरॉक्सचा एक संच माहेरी ठेवा. कॉलेजात चौकशीला जाल तेव्हा फीच्या आधी मुलींच्या वसतिगृहात जागा किती आणि ती कधी भरते, ते विचारा.