मुक्कामाची उंची

हिमालयातला ट्रेक आखताना पहिला प्रश्न असतो तो झोपण्याच्या जागेचा. कोणत्या रात्री माणसे किती उंचीवर झोपणार हे आधी कागदावर मांडायचे. दिवसाची चाल, गाड्या, जेवण आणि खर्च मग त्याभोवती बसवायचे. उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यातून मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत निघणाऱ्या अनेक बॅचेस हे उलट करतात. आधी रेल्वेची तिकिटे, मग परवडेल ते लॉज, आणि उंचीचा विचार कोणाचे तरी डोके दुखू लागल्यावर.

याचे मूळ सह्याद्रीत आहे. इथला लीडर तयार होतो तो चंदेरीच्या गुहेत, मलंगगडाच्या पायथ्याशी किंवा एखाद्या वाडीतल्या शाळेच्या व्हरांड्यात रात्री काढून. पाणी जवळ, जमीन सपाट आणि डोक्यावर छप्पर असले की मुक्काम चांगला, ही कसोटी इथे पुरते. कळसूबाई हे राज्यातले सर्वोच्च शिखर, तेही १६४६ मीटरचे. तिथे रात्र काढल्याने विरळ हवेचा त्रास होत नाही. हिमालयात हीच कसोटी अपुरी पडते, आणि ती अपुरी असल्याचे पहिल्या दिवशी तरी लक्षात येत नाही. विरळ हवेचा त्रास बहुधा काही तासांनी, रात्रीत किंवा दुसऱ्या सकाळी डोके वर काढतो.

झोपेत श्वास मंदावतो, उंचीवर तो अनियमितही होतो आणि रक्तातला ऑक्सिजन रात्रीच सर्वांत खाली जातो. ३५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन-तृतीयांश उरतो. म्हणून दिवसा कितीही उंच चढून आले तरी हिशेबात धरायची ती झोपण्याची उंची. गिर्यारोहण वैद्यकाचा सर्वमान्य नियम असा: ३००० मीटरनंतर झोपण्याची जागा एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर जास्तीची काढावी. वाटेत मुक्कामाजोगी जागाच नसेल आणि एखादी उडी मोठी घ्यावी लागत असेल, तर तिच्या आधी किंवा नंतर ती रात्र भरून काढायची.

हाम्पटा पासचे उदाहरण घेता येईल. दिल्लीहून रात्रभर व्होल्व्होत बसून सकाळी मनालीत उतरायचे, नाश्ता करून जीपने जोबरा गाठायचे आणि संध्याकाळी चिकाच्या कॅम्पवर झोपायचे, असा कार्यक्रम सर्रास छापला जातो. मनाली सुमारे २०५० मीटर, चिका ३१०० च्या आसपास. आदली रात्र घाटात वळणे मोजण्यात गेलेली, पाणी कमी प्यायलेले आणि त्यावर एका दमात हजार मीटरची उडी. यात एक रात्र मनालीत, किंवा त्याहून बरे म्हणजे वरच्या अंगाला असलेल्या सेथन गावात (सुमारे २७०० मीटर) घातली तर पुढचे सगळे गणित सुटसुटीत होते. खर्च माणशी एका खोलीभाड्याचा. लेहला तर याला पर्यायच नाही: मुंबईहून विमानाने काही तासांत ३५०० मीटरवर उतरणाऱ्याने निदान दोन रात्री तिथेच काढायच्या, आणि पहिल्या दिवशी बाजारात भटकण्याऐवजी खोलीतच पडून राहायचे.

उलट, कुमाऊंतल्या पिंडारी वाटेवरची जुनी विश्रामगृहे पाहावीत. खाती साधारण २२०० मीटर, द्वाली २६०० च्या आसपास, फुरकिया सुमारे ३२५०. फुरकियाहून पहाटे निघून हिमनदीजवळच्या झिरो पॉइंटला जायचे आणि दुपारपर्यंत परत खाली यायचे. चालण्याच्या दिवसाच्या मापाने बसवलेली ही साखळी उंचीच्या नियमालाही जवळपास उतरते. नव्या लीडरने मुक्काम आखणे शिकायचे असेल तर ही वाट नकाशावर उलगडून बसावे.

ट्रेकआधीच्या प्रवासातले मुक्कामही याच आराखड्यात येतात. बदलापूर-अंबरनाथ कर्जतच्या फाट्यावर आणि दिल्लीच्या गाड्या कसाऱ्याकडून जाणाऱ्या, त्यामुळे सामानासह कल्याणला मागे येऊन गाडी धरावी लागते. पुढे दिल्लीपर्यंत रात्र रेल्वेत, लगेच दुसरी रात्र बसमध्ये आणि तिसरी थेट तंबूत, असे झाले तर माणूस चालायच्या आधीच थकलेला असतो. मे महिन्यात दिल्लीचा पारा चाळिशी ओलांडतो. तिथे स्टेशनजवळच्या कोंदट खोलीत दिवस काढणे म्हणजे अंगातले पाणी घालवून डोंगराकडे निघणे. दिल्लीत न थांबता हरिद्वार, ऋषिकेश किंवा डेहराडूनपर्यंत पुढे सरकून तिथे एक पूर्ण रात्र पाठ टेकणे केव्हाही बरे. कारण डेहराडून ते सांक्री (अनेक ट्रेकच्या पायथ्याचे गाव) हा एकच टप्पा अख्खा दिवस खातो. गढवाल आणि कुमाऊं मंडल विकास निगमांची विश्रामगृहे मोक्याच्या जागी आहेत. गाद्या-चादरींबद्दल फार अपेक्षा ठेवू नयेत, पण बॅचला एकत्र जागा मिळते आणि पावती मिळते. यूथ हॉस्टेल्सच्या कसोलसारख्या बेसकॅम्पवर सुरुवातीचे दिवस सरावाच्या चढाईला दिलेले असतात. ‘आम्ही सह्याद्रीत रोज चढतो’ म्हणत ते दिवस तंबूत पत्ते खेळण्यात घालवणारे पुढच्या कॅम्पवर ओळखू येतात.

प्रत्यक्ष वाटेवर मुक्कामाचे प्रकार प्रदेशागणिक बदलतात. नेपाळच्या टी-हाउसमध्ये खोली स्वस्त असते ती रात्रीचे जेवण आणि नाश्ता तिथेच घेण्याच्या बोलीवर. मोबाइल चार्जिंग आणि गरम पाण्याचे पैसे वेगळे. ऑक्टोबरच्या गर्दीत एव्हरेस्ट बेसकॅम्पच्या वाटेवर लोबुचे (सुमारे ४९०० मीटर) आणि गोरखशेप (सुमारे ५१६०) इथे खाटा कमी पडतात. पहाटेच एखाद्या पोर्टरला पुढे धाडून खोल्या धरणे हा तिथला रिवाज आहे. जेवणघरात दाटीवाटीने झोपावे लागले तरी चालेल, पण जागा मिळत नाही म्हणून त्याच दिवशी आणखी वर चढवणे हा मार्ग लीडरने स्वतःसाठी बंद ठेवावा.

लडाखच्या मार्खा खोऱ्यात होमस्टे आहेत आणि तिथल्या गावांत पाहुणे घरोघर पाळीने वाटून देण्याची पद्धत आहे. अमुकच घर हवे हा हट्ट तिथे शोभत नाही. बॅचला आधी सांगून ठेवायची गोष्ट म्हणजे कोरडा संडास: वरच्या मजल्यावर जमिनीला भोक, शेजारी मातीचा ढीग आणि फावडे, काम झाले की दोन फावडी माती लोटायची, पाणी ओतायचे नाही. अंबरनाथच्या फ्लॅटमधून आलेला माणूस हे पहिल्यांदा रात्रीच्या अंधारात पाहील तर दुसऱ्या दिवसापासून पाणी पिणेच कमी करील, आणि उंचीवर ते महागात पडते. याच वाटेवर हांकरहून (सुमारे ४०००) निमालिंगला (४७०० च्या वर) जाताना उडी मोठी आहे. मधला थाचुंगत्सेचा कॅम्प त्यासाठीच हाताशी ठेवायचा.

उंची जमली की पाहायची ती जमीन. उल्हास नदीकाठच्या माणसाला पूररेषा समजावून सांगावी लागत नाही. २६ जुलै २००५ चा पूर आहे, आणि २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली तीही आठवणीत ताजी आहे. मात्र हा अनुभव हिमालयात फसवा ठरू शकतो. उल्हासचे पाणी चढायला काही तास घेते. माणसे माळ्यावर जातात, बोटी येतात. हिमालयातला नाला मात्र दगड, चिखल आणि झाडे घेऊन उतरतो, आणि उठून पळायला मिनिटभरही देत नाही. ५ ऑगस्ट २०२५ ला गंगोत्रीच्या वाटेवर धरालीत खीरगंगेने भरदुपारी हॉटेले आणि होमस्टे गाडले. ती वस्ती नाल्याने पूर्वी आणून टाकलेल्या गाळावरच, रस्त्याच्या सोयीने वाढलेली होती. समोर, भागीरथीपलीकडे, उंचावर मुखबा हे जुने गाव आहे. ते वाचले आणि तिथूनच लोकांनी ते दृश्य पाहिले. जुनी घरे कुठे आहेत आणि नवी हॉटेले कुठे, एवढे पाहिले तरी खोली निवडायला पुरेसा आधार मिळतो. फोनवर ‘रिव्हर व्ह्यू’ म्हणून जादा भाडे सांगितले जाते तेव्हा नाला खोलीच्या कोणत्या बाजूला आहे हे विचारावे. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठ खचले तेव्हा दोन हॉटेले एकमेकांवर कलली आणि पाडावी लागली. खोली ताब्यात घेताना भिंतीतल्या ताज्या भेगांकडे नजर टाकायला फार वेळ लागत नाही.

तंबूसाठीही हाच विचार: कोरड्या नाल्याचे पात्र, ढासळत्या कड्याखालची सपाटी आणि वठलेल्या देवदाराखालची जागा टाळायची. अगदी खोलगट भाग रात्री गारठ्याने भरतो, उघडी धार वाऱ्याने झोडपते. दोन्हींच्या मधला, किंचित उतार असलेला टप्पा बरा. उत्तराखंडात तर जागा निवडण्याआधी कायदा पाहावा लागतो. २०१८ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने बुग्यालांवर, म्हणजे उंचावरच्या कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामाला मनाई केली. अली-बेदनीच्या कुरणांवरच्या तंबूंवर उभे असलेले रूपकुंडचे जुने आराखडे त्यामुळे निकालात निघाले. फुलांच्या घाटीतही रात्र काढता येत नाही, मुक्काम घांघरियाला. कोणी ‘आपण करून देऊ’ म्हणत असेल तर त्याला ॲडव्हान्स देऊ नये.

खोलीतल्या उबेचाही धोका असतो. जानेवारी २०२० मध्ये नेपाळात दामन इथे केरळचे आठ पर्यटक बंद खोलीत गॅस हीटर लावून झोपले आणि दगावले. त्यांत चार मुले होती. कोळशाची शेगडी, गॅस हीटर, तंबूतला स्टोव्ह यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि त्याने दुखणारे डोके उंचीचे समजून सोडून दिले जाते. झोपताना शेगडी बाहेर, हा नियम लीडरने रात्री खोल्यांमधून फिरून पाळून घ्यायचा. जादा रजई मागून घ्यावी, ती मिळते.

शेवटचा मुक्काम परतीचा. पास उतरल्यावर सगळ्यांना घर दिसू लागते आणि त्याच संध्याकाळी डोंगरातून दिल्लीकडे निघण्याचा आग्रह सुरू होतो. उत्तराखंडात डोंगरी रस्त्यांवर रात्रीच्या वाहतुकीवर बंधने आहेत. ती नसती तरी दिवसभर गाडी चालवलेल्या ड्रायव्हरला रात्री घाटात उतरवणे शहाणपणाचे नाही. पायथ्याच्या गावात एक रात्र आणि रेल्वेच्या तारखेआधी एक मोकळा दिवस कार्यक्रमपत्रिकेतच छापावा. दरड कोसळून रस्ता बंद पडला तर तो दिवस कामी येतो. नाही पडला तर ऋषिकेशला गंगेकाठी कपडे वाळवण्यात जातो, आणि त्या खोलीचे पैसे वर्गणीत आधीच धरलेले असल्याने कोणी कुरकुर करत नाही.