वाचनाची वसुली

नववर्षारंभी अमुक इतकी पुस्तके वाचून संपविण्याचा संकल्प सोडणारी मंडळी अलीकडे वाढत चालली आहे, आणि तिच्या उत्साहाविषयी मला आदरच आहे. परंतु जिथे आकडाच मुख्य ठरतो, तिथे वाचक तलाठ्याप्रमाणे वसुलीच्या मागे लागतो आणि जाडजूड ग्रंथ आपोआप तहकूब होतो. इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ आकाराने लहान, तरीही त्यातील भीष्म, गांधारी, कुंती, द्रौपदी यांच्याविषयी लेखिकेशी मनोमन वाद घालीत वाचावयाचे म्हटले तर महिना सहज जातो. वर्षअखेरच्या ताळेबंदात नोंद मात्र एकच! त्यापेक्षा दोन-तीनच ग्रंथ मुक्रर करावेत आणि त्यांविषयीचे आपले मत सहवाचकांपुढे सकारण मांडावे.

ग्रंथालयाच्या प्रतीत समासात कोणी शिसपेन्सिलीने ‘रटाळ’ असा शेरा मारतो आणि त्याखाली दुसरा कोणी त्याची अक्कल काढतो. हा प्रकार नियमबाह्य खरा, पण गुळगुळीत स्तुतीपेक्षा मला तो अधिक जिवंत वाटतो. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून उभे आहे, आणि लहानमोठ्या गावांतही वाचनालये आहेत; तेथे दरमहा एका सायंकाळी एकाच पुस्तकावर वाद व्हावा, असा लेखी अर्ज वाचकांनी आपापल्या वाचनालयाच्या चिटणिसांकडे याच महिन्यात करावा.