सहल काढा, पण पाण्याची वाट बघून या

भाताची मळणी आटोपली आणि उसाला तोड यायला अवकाश असला, की आपल्याकडं एक दिवसाच्या सहली निघतात. सकाळी पन्हाळा, दुपारी नरसोबाची वाडी, दिवस मावळायच्या आत खिद्रापूर. आमची पण यंदा गाडी करून झाली. फोटो काढा, बासुंदी खावा, काय हरकत न्हाई. पण शेतकऱ्यानं ह्या जागा शेतकऱ्याच्या नजरेनं बघाव्यात असं माझं मत आहे.

पन्हाळा 2025 ला युनेस्कोच्या यादीत गेला, आता गर्दी वाढणारच. तिथं लोक तीन दरवाजा बघून माघारी फिरतात. तुम्ही अंबरखाना बघा. गंगा, यमुना, सरस्वती अशी नावं दिलेली धान्याची कोठारं. जाड भिंती, वरनं धान्य ओतायची सोय. मग अंधारबाव बघा, विहीर पण राखायची असते म्हणून तिच्यावर इमारत बांधली. 1660 ला सिद्दी जौहरचा वेढा चार महिने पडला, तवा गड नुसत्या तलवारीवर टिकला न्हाई, साठवलेल्या दाण्या-पाण्यावर टिकला. आणि आपण? सोयाबीन मळणीच्या दिवशीच विकतो, कारण ठेवायला जागा न्हाई.

वाडीला कृष्णा-पंचगंगेचा संगम. पूर आला की पाणी देवळात शिरतं आणि दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं, त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. उत्सवमूर्ती वरच्या मठात हलवतात. म्हणजे पूर येणार हे धरूनच सगळी रीत बसवली आहे. पाण्याला आत यायला वाट आणि जायला पण वाट. आपण मात्र ओढे बुजवून बांध सरकवले, नदीकाठी भराव टाकले, आणि 2019, 2021 ला नशिबाला बोल लावला. पाऊस जास्त झाला हे खरं, पण पाण्याची वाट आपणच अडवली हे पण तितकंच खरं.

खिद्रापूरचं कोपेश्वर शिलाहारांच्या काळातलं. स्वर्गमंडपाला 48 खांब, मधे गोल आभाळ उघडं. कोरीव काम डोळे भरून बघा. पण जाता-येता रस्त्याच्या दोन्ही अंगाला पण बघा. शिरोळ तालुक्यात पांढरी खपली धरलेली रानं दिसतात. एकेकाळची कसदार काळी जमीन ती. पाट भरून पाणी, निचरा शून्य, त्यानं मीठ वर आलं. सच्छिद्र पाईप गाडून तिथल्या शेतकऱ्यांनी पुन्हा ऊस उभा केला आहे, ते पण बघण्यासारखं आहे. मात्र एकट्यानं हे जमत न्हाई. माझ्या रानातलं पाणी शेजाऱ्याच्या बांधाखालनंच ओढ्याला जाणार. शेजाऱ्याशी बोलणं नसंल तर पाईप घेऊन करायचं काय?

म्हणून म्हणतो, सहल एकट्या घराची काढू नका. बांधाला बांध असलेली चार घरं एका गाडीत बसवा. येताना तीन गोष्टी ठरवा: माती तपासायची, ओढा मोकळा करायचा, आणि निचऱ्याची चर मिळून काढायची. कृषी सहाय्यकाला पण गाडीत घ्या, त्यांना पण बरं वाटंल.

जुन्या लोकांनी दगडात जे करून ठेवलं ते फोटोत मावत न्हाई. ते रानात उतरलं पाहिजे.