तारीख ठाऊक ठेवून बघा

व्हॅम्पायरची मालिका म्हटलं की घरात लगेच दोन तट पडतात. मोठी माणसं "कसलं ते रक्तबंबाळ कार्टून" म्हणून उठून जातात. पोरं ती मालिका एका रात्रीत, दीडपट वेगानं, मारामाऱ्या तेवढ्या बघून संपवतात. दोघांनाही माझी कळकळीची विनंती आहे. 'मार्स रेड' ही जपानी अ‍ॅनिमे मालिका बघा, आणि बघायला बसण्याआधी एक तारीख मनाशी पक्की करा : १ सप्टेंबर १९२३.

ही तेरा भागांची मालिका २०२१ साली एप्रिल ते जून या काळात जपानी टीव्हीवर आली. दिग्दर्शक कोहेई हातानो. कथा घडते १९२३ च्या टोकियोत, ताइशो सम्राटाच्या राजवटीत. शहरात व्हॅम्पायरांची संख्या वाढते आहे, 'आस्क्रा' नावाचं कृत्रिम रक्त हातोहात फिरू लागलं आहे, आणि सरकारनं व्हॅम्पायर पकडण्यासाठी व्हॅम्पायर सैनिकांचीच एक गुप्त तुकडी उभी केली आहे. तिचं नाव कोड झीरो. तिचा प्रमुख कर्नल माएदा मात्र हाडामांसाचा माणूस आहे. कथानक एवढंच ठाऊक असलं तरी पुरे.

आता ती तारीख. १ सप्टेंबर १९२३ ला शनिवार होता. सकाळी ११ वाजून ५८ मिनिटांनी कांतो प्रदेशात ७.९ तीव्रतेचा भूकंप झाला. घरोघरी दुपारच्या जेवणासाठी चुली आणि शेगड्या पेटलेल्या, घरं लाकडाची, आणि वारं सोसाट्याचं. शेकडो ठिकाणी आगी लागल्या आणि शहर दोन दिवस जळत राहिलं. मृत आणि बेपत्ता मिळून सुमारे एक लाख पाच हजार माणसं गेली, त्यांतली बहुतेक आगीनं. होंजो भागात लष्करी कपड्यांच्या जुन्या कारखान्याची मोकळी जागा होती. मोकळी जागा म्हणजे आगीपासून सुरक्षित, असं वाटून लोक गाद्या, पेट्या, कपाटं हातगाड्यांवर लादून तिथं येऊन थांबले. ठिणग्या उडून आल्या, सामानानं पेट घेतला आणि आगीची वावटळ उठली. त्या एका मैदानात जवळजवळ अडतीस हजार माणसं मेली. असाकुसातला बारा मजली र्‍योउन्काकू मनोरा, जिथं जपानमधली पहिली विजेची लिफ्ट बसवली होती, मधूनच मोडला. राहिलेला भाग लष्करानं सुरुंग लावून पाडला.

हे सगळं मालिकेतल्या एकाही पात्राला ठाऊक नाही. तुम्हाला आहे. ऐतिहासिक मालिका बघण्यातली खरी गंमत इथं आहे, आणि त्यात व्हॅम्पायर आले की ती दुपटीनं वाढते. देफ्रॉट नावाचं एक पात्र आहे. दिसायला कोवळा मुलगा, पण वयानं किती जुना आहे कोण जाणे. त्याच्यासारख्याला मरण नाही, आणि ज्या शहरात तो राहतो त्याच्या हातात मोजके महिने आहेत. हे मनात ठेवून बघू लागलात की ट्राम, विटांच्या इमारती, दिव्यांच्या माळा, रस्त्यावरची गर्दी, सगळ्यावर नजर रेंगाळू लागते. मारामारीच्या मध्ये येणारे जे शांत प्रसंग आपण एरवी पुढे ढकलून दिले असते, तेच जास्त छातीत रुततात. म्हणून हात जोडून सांगते, वेग वाढवू नका.

ज्यांना नाटकाची आवड आहे त्यांना तर मी आग्रहच करीन. 'मार्स रेड' मुळात नाटक होतं. फुजिसावा बुन-ओ या लेखकाचे संगीतासह वाचनाचे प्रयोग जपानमध्ये होतात : कलाकार संहिता हातात घेऊन आवाजातून सगळं उभं करतात आणि जोडीला प्रत्यक्ष वाद्यवृंद असतो. आपल्याकडच्या अभिवाचनाला बसलेल्या माणसाला हे सांगायला नको. २०१३ साली झालेल्या तशा एका प्रयोगातून ही मालिका आली, आणि ते मूळ तिनं लपवलेलं नाही.

पहिलाच भाग बघा. मिसाकी नावाची एक अभिनेत्री व्हॅम्पायर झाली आहे आणि कोठडीत आहे. समोर माएदा, लष्करी गणवेशात, ताठ बसलेला. तो तिला काहीबाही विचारतो आणि ती उत्तर देते ते ऑस्कर वाइल्डच्या 'सालोमे' नाटकातल्या संवादांतून. तिचं स्वतःचं असं काही उरलेलं आहे की फक्त भूमिकाच उरली आहे, हे ना त्याला कळत, ना आपल्याला. या प्रसंगात पाठलाग नाही, सुळे नाहीत. एक बाई संवाद म्हणते आणि एक माणूस ऐकतो. कुणी घाईत बघेल तर म्हणेल, काहीच घडत नाही. माएदाच्या चेहऱ्याकडे बघत राहा. तो इतका गप्प का आहे याचं उत्तर मी देणार नाही, पण ते कळल्यावर तुम्ही तो भाग पुन्हा लावाल.

'सालोमे'च का, हेही समजून घेण्यासारखं आहे. वाइल्डनं हे नाटक फ्रेंचमध्ये लिहिलं. बायबलमधली पात्रं रंगमंचावर आणायची नाहीत या नियमावर बोट ठेवून लंडनमध्ये १८९२ साली त्याला परवानगी नाकारली गेली, आणि १८९६ साली पॅरिसमध्ये पहिला प्रयोग झाला तेव्हा वाइल्ड तुरुंगात होता. राजकन्या सालोमे योहान या संदेष्ट्याच्या प्रेमात पडते, तो तिला झिडकारतो, ती त्याचं शिर तबकात मागून घेते आणि त्या मेलेल्या ओठांचं चुंबन घेते. प्रेम, ओठ, रक्त आणि मरण एकाच जागी आलेलं दुसरं नाटक व्हॅम्पायरकथेला सहजी सापडलं नसतं.

शिवाय टोकियोच्या त्या काळाशी या नाटकाचं नातं खरं आहे. मोरी ओगाईनं ते जपानीत आणलं होतं, आणि मात्सुई सुमाको या अभिनेत्रीनं सालोमे रंगवली होती. जपानमध्ये १६२९ साली बायकांना काबुकीच्या रंगमंचावर बंदी झाली आणि पुढची अडीचशेहून जास्त वर्षं स्त्रीभूमिका पुरुषच करत आले. त्यामुळे १९११ साली इब्सेनच्या नाटकात नोरा होऊन उभी राहिलेली सुमाको लोकांना नव्या युगाची खूण वाटली. (त्याच दशकात आपल्याकडे 'एकच प्याला'तली सिंधू बालगंधर्व उभी करत होते. हा काळ मराठी नाट्यरसिकाला परका वाटू नये.) सुमाकोचा गुरू आणि प्रियकर शिमामुरा होगेत्सु १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत गेला, आणि दोन महिन्यांनी, जानेवारी १९१९ मध्ये, तिनं स्वतःचं आयुष्य संपवलं. मिसाकी म्हणजे सुमाको, असं मी म्हणत नाही. पण कोठडीतली ती नटी बघताना सुमाकोची आठवण माझ्या मनातून जात नाही.

पुढचे सगळे भाग याच उंचीचे आहेत असं सांगून तुमची फसवणूक करणार नाही. मधला काही भाग विस्कळीत आहे, कटकारस्थानं जरा जास्त झाली आहेत. तिथं कंटाळा आला तर कुरुसू आणि आओईचा धागा धरून ठेवा. कुरुसू कोड झीरोतला तरुण सैनिक. आओई शिरासे त्याची बालमैत्रीण, वर्तमानपत्रात बातमीदार. तिच्या लेखी तो मेलेला आहे. तो त्याच शहरात, रात्रीच्या अंधारात, तिला टाळत फिरतो. अमरपणाची किंमत इतक्या साधेपणानं सांगितलेली फार थोड्या मालिकांत दिसते.

एक गोष्ट मात्र मालिकेवर सोपवू नका. भूकंपानंतर टोकियोत आणि आसपास अफवा उठल्या की कोरियन लोक विहिरींत विष कालवताहेत, आगी लावताहेत. जपानमध्ये रेडिओ प्रसारण सुरू झालं ते १९२५ साली, आणि टोकियोतल्या बहुतेक वर्तमानपत्रांच्या कचेऱ्या जळाल्या होत्या. खरं काय ते सांगणारं कुणी नव्हतं. गल्लोगल्ली लोकांनी काठ्या, तलवारी, बांबूचे भाले घेऊन पहारे बसवले, येणाऱ्याजाणाऱ्याचे उच्चार तपासले, आणि हजारो निरपराध कोरियन माणसं मारली गेली. पोलीस आणि सैनिकांचे हातही त्यात होते. याच गोंधळात लष्करी पोलिसांनी ओसुगी साकाए आणि इतो नोए या दोन बंडखोर लेखकांना, सोबतच्या सहा वर्षांच्या मुलासह, ठार केलं. हा इतिहास पुस्तकांतून वाचावा लागेल. तो वाचलात की लष्कराच्या गुप्त तुकड्या, लपवलेल्या बातम्या, रात्री दारं ठोठावणारे गणवेश, हे मालिकेतलं सगळं काल्पनिक वाटेनासं होईल.

बघताना आवाज जपानीच ठेवा आणि सबटायटल्स लावा. मूळ कृती आवाजासाठी लिहिलेली आहे, कोठडीतल्या प्रसंगात तर श्वाससुद्धा ऐकण्यासारखे आहेत. लहान मुलांसाठी ही मालिका नाही. रक्त आहे, मृत्यू आहेत, आणि एकंदर उदासी बरीच आहे. नववी-दहावीच्या पुढच्या मुलांबरोबर मात्र खुशाल बसा, आणि "हे खरंच झालं होतं का?" असं त्यांनी विचारलं तर मालिका थांबवून बोला. रोज एक भाग बघितला तर दोन आठवड्यांच्या आत होते. आणि घरात कुणी जुना नाटकवेडा असेल, ज्यानं आयुष्यात कधी अ‍ॅनिमे बघितलेलं नाही, तर त्याला निदान पहिल्या भागापुरतं शेजारी बसवा. त्या कोठडीत काय चाललं आहे, हे कदाचित तोच तुम्हाला समजावून देईल.